‘मला कुठे बोलावलंय?’

आदरणीय बाई, जय ख्रिस्त.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. चार वर्षांपूर्वी टांझानियात आलो. दोदोमापासून दीड-दोन तासांवर चर्चचा एक दवाखाना आहे. तिथे हे लॅब सांभाळतात आणि मी नर्स आहे. आठवड्यातून तीन दिवस बायकांच्या गटांत पवित्र शास्त्राचा अभ्यासही घेते. मुलगी साडेसहा वर्षांची, धाकटा अडीच वर्षांचा. तो इथेच जन्मला. आमचा खर्च गावाकडच्या चार-पाच मंडळ्या (चर्च) मिळून उचलतात.

मुलीच्या शाळेवरून घरात तीन तोंडं झाली आहेत. सासूबाई म्हणतात, पोरीला नगरला आमच्याजवळ ठेवा, इंग्लिश मीडियमला घालू. तिला धड मराठी येत नाही, मोठ्यांना नमस्कार करायचा सोडून काहीतरी ‘शिकामो, शिकामो’ करते. इथले परदेशी सहकारी म्हणतात, केनियात मिशनऱ्यांच्या मुलांसाठी चांगलं बोर्डिंग आहे, तिकडे पाठवा. यांचं म्हणणं, देव बघून घेईल.

मागच्या रजेत आम्ही अकरा मंडळ्यांना भेटी दिल्या. प्रत्येक ठिकाणी तिने किटेंगेचा, म्हणजे इथल्या रंगीत छापील कापडाचा, फ्रॉक घालून पुढे उभं राहून स्वाहिलीत गीत म्हटलं. शेवटच्या दोन ठिकाणी तोंडच उघडलं नाही. परत आल्यावर एका रात्री म्हणाली, “देवाने तुम्हाला बोलावलं. मला कुठे बोलावलंय?” हे म्हणाले, असं बोलू नये. ती गप्प झाली. तेव्हापासून जरा जास्तच शहाण्यासारखी वागते. आमचं चुकतंय का? आणि परत यायचं ठरवलं, तर अर्पण देणाऱ्यांना काय तोंड दाखवू?

– एक आई, टांझानिया

जय ख्रिस्त, बाळा. वयाने माझ्या लेकीएवढी आहेस, म्हणून अगंतुगं करते.

तुझं पत्र तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा शाळेचा विषय मागे पडून त्याच एका वाक्याशी अडले. ‘जरा जास्तच शहाण्यासारखी वागते.’ तू ते जाता जाता लिहून गेलीस. मला त्याचीच काळजी वाटली.

एकतीस वर्षं मी मुलींच्या बोर्डिंगात मेट्रन होते. जूनमध्ये पत्र्याच्या पेट्या घेऊन सहा-सात वर्षांच्या पोरी यायच्या. पहिला आठवडा रात्री नुसता गलका. कुणाला आई हवी, कुणाला घरची शेळी हवी. रडणाऱ्या पोरींचं मला काही वाटायचं नाही, गणपतीच्या सुट्टीपर्यंत त्या रुळायच्या. धास्ती असायची न रडणारीची. पांघरुणाची घडी नीट, ताटात काही टाकायची नाही, भेटीच्या रविवारी आईला सांगायची, “मी मजेत आहे.” अशी पोर दिवाळीला घरी गेली की तापाने फणफणायची, नाहीतर परत निघायच्या सकाळी गोठ्यात लपून बसायची. आईला आपला आणखी ताप नको, एवढं त्या वयातल्या लेकराला बरोब्बर कळतं, आणि ते शहाणपणासारखं दिसतं. आपण मोठी माणसं फसतो. वर लोकांत कौतुकही करतो.

तेव्हा आधी तिच्या प्रश्नाचं बघू. शाळा थांबेल.

तुझ्या मिस्टरांना माझा निरोप सांग. पोरीने विचारलं ते शास्त्राला धरूनच विचारलं. पाचारण तुम्हा दोघांना झालं. साडेसहा वर्षांच्या पोरीला कुणी हाक मारली नाही. तुम्ही तिला नेलंत. यात पाप काही नाही. पोलिसाची बदली झाली की त्याची पोरंही जातात, बँकवाल्याची जातात. पण बँकवाला पोरांना असं म्हणत नाही की ही बदली प्रत्यक्ष देवाने केली आहे, तेव्हा तक्रार करायची नाही. मिशनऱ्याच्या आणि पाळकाच्या पोरांची पंचाईत नेमकी इथे होते. बापावर रुसता येतं. देवावर रुसायचं कसं?

मी स्वतः उपदेशकाची पोर. दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलायचं. एकदा परदेशी पाहुणे येणार होते, तर वडिलांनी मला स्टुलावर उभं करून तेविसावं स्तोत्र इंग्रजीतून म्हणायला लावलं. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. टाळ्या पडल्या, बिस्किटाचा पुडा मिळाला. वडिलांचा चेहरा इतका फुलला होता की मी पुढची पाच वर्षं त्या स्टुलावरून उतरलेच नाही म्हण ना. आज माझं वय सत्तरीला आलं, तरी ते स्तोत्र कुणी इंग्रजीत म्हणायला लागलं की माझे तळपाय गार पडतात. मराठीत म्हटलं तर काही होत नाही.

म्हणून पहिली गोष्ट. पुढच्या रजेत तिचं गाणं बंद. तिने आपणहून, “मी म्हणू का?” असं विचारलं तरच. आणि अकरा मंडळ्या कशाला? तुम्ही दोघांतल्या एकाने जावं, एकाने पोरांना घेऊन घरी थांबावं. पाळकसाहेब म्हणतील, लोकांना मुलांना बघायचं असतं. बघू देत की, उपासना झाल्यावर अंगणात, इतर पोरांबरोबर धावताना. महिन्याच्या प्रार्थनापत्रातही तेच. तिचा फोटो टाकण्याआधी तिला दाखव, आणि ‘नको’ म्हणाली तर नको. त्या पत्रात तिच्या मैत्रिणी कशा दिसतात तेही जरा वाचून बघ. ती आता वाचायला लागेल. जिच्याबरोबर ती दगडांनी खेळते, ती मैत्रीण आपल्या आईच्या पत्रात ‘अंधारातलं गरीब लेकरू’ म्हणून आली, तर ती कुणाच्या बाजूने उभी राहील? (आणि आपल्यात म्हणून सांगते, तिथल्या मंडळ्या आपल्यापेक्षा मोठ्या आहेत. त्यांनी आपल्याकडे मिशनरी पाठवायची वेळ आली आहे.)

आता तिला उत्तर काय द्यायचं? मला विचारशील तर एवढंच सांग: “तुला नाही बोलावलं. आम्ही तुला आणलं. तुला इथलं काय आवडत नाही, ते आम्हाला सांगायचं. देवालाही सांगायचं. तो रागावत नाही.” आणि मग ती जे सांगेल, ते मध्ये न बोलता ऐकायचं. ‘पण बघ, इथे किती छान आकाश आहे’ असलं काही जोडायचं नाही. कितीतरी स्तोत्रं तक्रारीचीच आहेत. स्तोत्रं रचणाऱ्या दाविदाला चालतं, तर तिला का नाही?

बोर्डिंगचं सांगते. त्याच्या विरुद्ध बोलायला मी बसलेली नाही, माझं अख्खं आयुष्य त्यात गेलं. मिशनऱ्यांनी आपल्या मुलांसाठी काढलेल्या शाळा जुन्या आहेत आणि अभ्यासाला उत्तम आहेत. आपल्याकडे कोडाईकनालची १९०१ सालची, केनियात किजाबेची १९०६ सालची. चौदा वर्षांची मुलगी स्वतः म्हणाली, मला तिथे जायचंय, तर मी तुझी पेटी भरायला मदत करीन. सहा वर्षांच्या पोरीला मात्र नाही.

आपल्या मंडळ्यांतून एरिक लिडल सगळ्यांना ठाऊक असतो. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी धावायला नकार देऊन शंभर मीटरची शर्यत सोडली, आणि चारशे मीटरचं सोनं जिंकलं. शब्बाथशाळेत हे दरवर्षी सांगतात. पण तो मिशनऱ्यांचा मुलगा होता, चीनमध्ये तिएनत्सिनला जन्मला होता, आणि १९०८ साली आईवडिलांनी सहा वर्षांच्या एरिकला आणि त्याच्याहून थोड्या मोठ्या भावाला लंडनजवळच्या ‘मिशनऱ्यांच्या मुलग्यांच्या शाळे’त ठेवलं आणि आई चीनला परत गेली, हे कुणी सांगत नाही. तेव्हा बोटीने महिना-सव्वा महिना लागायचा. पुढची भेट वर्षांनी. ती माणसं निर्दय नव्हती. त्यांच्या काळात तीच रीत होती, दुसरा उपायही फारसा नव्हता. पुढे तोही मिशनरी म्हणून चीनला गेला. १९४१ मध्ये युद्धाचं सावट बघून त्याने गरोदर बायकोला आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवलं. १९४५ च्या फेब्रुवारीत जपान्यांच्या नजरकैदेच्या छावणीत तो वारला. तिसरी मुलगी त्याने पाहिलीच नाही. चांगली म्हातारी झालेल्या मला त्या शर्यतीपेक्षा हेच आठवत राहतं. त्याच्यावर युद्धाची वेळ होती. तुझ्यावर नाही. दोदोमाला रेल्वे आहे, विमान आहे, तुझ्या हातात फोन आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या सक्तीला आज परंपरा म्हणून पाळायचं कारण नाही.

दुसरी एक गोष्ट कडू आहे, पण तुला ठाऊक असावी. पश्चिम आफ्रिकेत गिनी देशात मामू इथे मिशनऱ्यांच्या मुलांचं एक बोर्डिंग होतं. ते बंद पडून कैक वर्षं झाल्यावर तिथली मुलं मोठी होऊन बोलायला लागली. मारहाण, लैंगिक अत्याचार, सगळं. संस्थेने स्वतंत्र चौकशी समिती नेमली आणि तिचा अहवाल १९९८ मध्ये बाहेर आला. इतकी वर्षं ती गप्प का होती? आपण तक्रार केली तर आईवडिलांच्या कामात खोडा पडेल, म्हणजे देवाच्या कामात पडेल, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. म्हणून म्हणते, ‘असं बोलू नये’ हे वाक्य तुमच्या घरातून कायमचं काढून टाका. पोरगी कुठेही शिको, तिच्या अंगाला कुणी हात लावला, कुणी मारलं, कुणी घाबरवलं, तर ते सांगितल्याने देवाचं काम अडणार नाही, हे तिला शब्दांत सांगून ठेव. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आणि ज्या संस्थेने तुम्हाला पाठवलं, तिच्याकडे मुलांच्या संरक्षणाचे लेखी नियम आहेत का, ते विचार. नसले तर का नाहीत, तेही विचार. बाईमाणसाने विचारलं म्हणून कुणी नाक मुरडलं, तर मुरडू दे.

आता सासूबाई. त्यांच्यावर तुझा राग दिसतो, पत्रात लपवलायस तरी. त्यांना नात हवी आहे. एवढी साधी गोष्ट आहे. सरळ ‘मला करमत नाही’ म्हणणं त्यांच्या पिढीला जमत नाही, मग इंग्लिश मीडियम पुढे करतात.

बायबलातली मोशेची गोष्ट तुला पाठ असेल, पण या अंगाने कधी वाचली आहेस का बघ. परक्या देशात पहिला मुलगा झाला, तर त्याने त्याचं नाव गेर्षोम ठेवलं, कारण ‘मी परदेशात उपरा झालो’. विचार कर, बापाचं दुःख पोराच्या नावाला चिकटलं. पुढे मिसरातून लोकांना काढायचं एवढं मोठं काम आलं, तेव्हा त्याने बायकोला आणि दोन्ही मुलांना सासऱ्याकडे परत पाठवलं होतं. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात त्याचे सासरे इथ्रो त्या तिघांना घेऊन रानात येतात. मोशे तंबूबाहेर येतो, सासऱ्यांना नमन करतो, मुका घेतो, खुशाली विचारतो. बायकोला आणि मुलांना काय म्हणाला, ते लिहिलेलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो लोकांचे न्याय करत बसतो आणि इथ्रो ते बघतात. मग सासऱ्यांनी जावयाला स्वच्छ सांगितलं, तू करतोस हे बरं नाही, तू झिजून जाशील, कामं वाटून दे. मला नेहमी वाटत आलंय की म्हाताऱ्याने हे लोकांच्या रांगा बघून सांगितलं तसं बाजूला उभ्या असलेल्या त्या दोन नातवांकडे बघूनही सांगितलं असेल. हे माझं मत, पाळकसाहेबांना विचारू नकोस.

तर इथ्रोने नातवंडं ठेवून घेतली नाहीत, बापाकडे आणून सोडली. पण आलाही. तुझ्या सासूबाईंना तसंच बोलाव. नातीला नगरला नेण्याऐवजी आजीनेच दोन-तीन महिने दोदोमाला यावं. तिकिटाचा खर्च मंडळ्यांकडे मागायला लाजू नकोस. अकरा मंडळ्यांत कुटुंबाने फिरायला झालेल्या खर्चात ते बसेल. पीतज्वराची लस, मलेरियाच्या गोळ्या, हे त्यांना नीट समजावून दे, तू नर्सच आहेस.

आणि ते ‘शिकामो’. अगं, तू सासूबाईंना त्याचा अर्थ सांगितलाच नाहीस का? तिथे मोठ्या माणसाला असंच म्हणायचं असतं, आणि मोठ्याने ‘मराहाबा’ म्हणून ते स्वीकारायचं असतं. त्याचा मूळ अर्थ तुमचे पाय धरते असा सांगतात. म्हणजे पोरगी अकरा गावांत प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या पाया पडत होती, आणि सगळे म्हणत होते, हिला वळण नाही! आजीला ‘मराहाबा’ एवढं एक म्हणायला शिकव. पुढच्या कॉलला पोरगी ‘शिकामो, आजी’ म्हणेल आणि पलीकडून उत्तर येईल, तेव्हा तिचा चेहरा बघून मला कळव.

मराठीचं म्हणशील तर, ते पुस्तकाने येत नाही, माणसाने येतं. बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, ती घेच. पण खरं काम आजीचं. ‘जेवलीस का, काय जेवलीस’ असल्या प्रश्नांनी भाषा येत नाही, त्याला दोन शब्द पुरतात. आजीला काम दे. रोज एक गोष्ट अर्धी सांगायची आणि उरलेली उद्या. तुमची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. म्हणजे तुम्ही दिवे लागल्यावर फोन करता तेव्हा आजी पेंगत असते. दुपारी चारला कर, इकडे साडेसहा होतात. तुमच्याकडे त्याला ‘दहा वाजले’ म्हणतात, तास सूर्योदयापासून मोजतात म्हणून. हेही पोरीने आजीला समजावून सांगावं. समजावून सांगताना मराठी जितकं सुधारतं, तितकं शिकताना सुधारत नाही. धाकट्याशी ती स्वाहिलीत बोलत असेल तर बोलू दे. ती त्या दोघांची भाषा आहे, त्यात तू पडू नकोस.

समाजशास्त्रात या मुलांना ‘तिसऱ्या संस्कृतीची मुलं’ म्हणतात. रूथ उसीम आणि त्यांचे पती १९५०च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकनांचा अभ्यास करत होते, त्यातून हा शब्द आला. आईबापांची एक संस्कृती, राहत्या देशाची दुसरी, आणि या दोन्हींच्या मध्ये ही पोरं आपली तिसरीच उभी करतात. तुझ्या मुलीला तिथली पोरं ‘म्हिंदी’ म्हणत असतील, तुझ्या बापाचं दुकान कुठे म्हणून विचारत असतील, कारण तिथे हिंदी माणूस म्हणजे दुकानदार. नगरला आली की ती ‘आफ्रिकेवाली’. मागच्या रजेत कुणी तिला ‘उन्हात काळी झाली’ म्हणालं का? सिंहाबरोबर राहता का, असं विचारलं का? तिच्या मैत्रिणींच्या रंगावरून, केसांवरून कुणी हसलं का? मला आपली माणसं ठाऊक आहेत, म्हणून विचारते. अशा वेळी तू गप्प बसलीस तर पोरगी समजते की आईलाही तसंच वाटतं. तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, ‘मावशी, असं बोलायचं नाही’ म्हणायचं. ‘असं बोलू नये’ हे वाक्य वापरायची खरी जागा ही आहे.

शाळा कुठली मग? जवळची. जिथून ती संध्याकाळी घरी येते ती. सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालतात. भाषा तिला येतेच आहे, पण वर्ग खच्चून भरलेले असतात आणि पुढे इंग्रजीची अडचण होईल. पैशाचं जमत असेल तर दोदोमाच्या बाजूची इंग्रजी माध्यमाची एखादी बघ, जिथे तिथलीच पोरं जातात. ते वर्ष जानेवारीत सुरू होतं, हे धरून ठरव. मंडळ्यांच्या अंदाजपत्रकात ‘मुलांचं शिक्षण’ असा वेगळा रकाना मागून घ्या. लॅबच्या मायक्रोस्कोपला रकाना असतो, पोरांना का नको? आणि घरातच शिकवायचं तुझ्या मनात असेल, तर तुझे ते आठवड्यातले तीन दिवस आधी सोडावे लागतील. दोन्ही होत नाही. मी करून बघितलंय.

हे कायमचं ठरवू नका. दर वर्षी नाताळनंतर तुम्ही दोघं बसा, आणि ती आठ-नऊ वर्षांची झाली की तिलाही बसवा. परत यावं लागलं तर शिक्षण हक्क कायद्याने तिला वयाप्रमाणे वर्ग मिळतो, परदेशातून आली म्हणून पहिलीत बसवता येत नाही. शाळावाले का-कू करतील, तेव्हा कायद्याचं नाव घे. आणि तू विचारलं नाहीस तरी, धाकट्याच्या जन्माची नोंद दारेसलामच्या भारतीय हायकमिशनमध्ये केली आहे ना? ती जन्मापासून वर्षाच्या आत करायची असते. राहिली असेल तर दिल्लीच्या परवानगीने करावी लागते. आजच अर्ज कर.

मिस्टरांशी काय बोलायचं, हे तुझं तू बघ, पण एक आठवण देते. मिशनरी विल्यम कॅरींनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, १८११ साली मराठी नवा करार. आपल्या भाषेवर त्या माणसाचे उपकार आहेत. त्यांचा पाच वर्षांचा पीटर १७९४ मध्ये बंगालात आमांशाने गेला, बायकोचं डोकं त्यानंतर कधी ताळ्यावर आलं नाही, आणि बाकीची मुलं मोकाट वाढत होती. सेरामपूरला आल्यावर तिथल्या मिशनमधल्या हन्ना मार्शमनबाईंनी आणि वॉर्डसाहेबांनी त्या मुलांना जवळ घेतलं. कॅरी बाजूच्या खोलीत भाषांतर करत होते. ‘देव बघून घेईल’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा देव एखाद्या हन्नाबाईला कामाला लावतो. तुमच्या घरात ती हन्नाबाई तू आहेस, आणि रात्रपाळीही तुझीच. तेव्हा आठवड्यातली एक संध्याकाळ लॅबची किल्ली दुसऱ्याकडे आणि पोरं बापाकडे, एवढं तरी मागून घे.

राहिला तोंड दाखवायचा प्रश्न. नगरच्या माणसाला ह्यूमसाहेबांचं नाव सांगावं लागत नाही. रॉबर्ट ॲलन ह्यूम मुंबईत १८४७ साली जन्मले, मिशनऱ्याचे पुत्र. सात वर्षांचे असताना वडील समुद्रप्रवासात वारले, आईने पोरांना अमेरिकेत वाढवलं, आणि १८७४ मध्ये ते आपणहून नगरला परत आले. त्यांच्या आईला कुणी विचारलं असेल का, की काम अर्ध्यावर टाकून का गेलीस? ती गेली. मुलांना वाढवायला गेली. आणि समजा त्यांच्यातला कुणीच परत आला नसता, तरी तिचं काही चुकलं नसतं. परत आलेल्यांची नावं आपण शाळांना, सभागृहांना देतो. न आलेल्यांचीही आई होतीच की.

अर्पण देणाऱ्यांत मीही आहे. तुमच्या नाही, दुसऱ्या एका कुटुंबाच्या नावाने महिन्याला थोडं टाकते. ते उद्या पोरांसाठी परत आले, तर स्टेशनवर मी भाकरी घेऊन जाईन. कुणी कुरकुर केली तर माझा पत्ता दे.

भाकरीवरून आठवलं. दोदोमाकडे बाजरी पिकते, तिला तिकडे ‘उवेले’ म्हणतात, तुला मिळत असेलच. तिथल्या पिठाची भाकरी तुटते असं बऱ्याच जणी कळवतात. पीठ जुनं असलं की विरी जाते. उकळत्या पाण्यात मळ, आणि पोरीला शेजारी बसवून तिच्या हाताएवढी एक थापू दे. कच्ची राहिली तरी तीच आधी खायची.

तुझ्या पत्रात तिचं नाव लिहिलं नाहीस, बरं केलंस. तिला मला काही विचारायचं असलं तर कागदावर लिहायला सांग आणि फोटो काढून पाठव. तू आधी वाचायचं नाही. स्वाहिलीत लिहिलं तरी चालेल, मी कुणाकडून तरी वाचून घेईन.

तुझी,
बाई